पिंजऱ्यातील दया

पोपट पाळणे हा आपल्या समाजात कधी दोष मानला गेला नाही. ओटीवर टांगलेला पिंजरा, त्यात हिरवा राघू आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या, बसा' म्हणणारा त्याचा घोगरा आवाज हे भरल्या घराचे लक्षण समजले गेले. एखाद्या घरचा पोपट 'नमो मरिये' एवढे दोन शब्द म्हणू लागला, की त्याचे कौतुक साऱ्या आळीत होते. ही चाल जुनी आहे हे आम्हांस मान्य आहे. ती निर्दोष आहे हे मान्य नाही. आणि तिच्या समर्थनार्थ अलीकडे जो एक युक्तिवाद ऐकू येतो, तो तर आम्हांस जुन्या चालीहूनही घातक वाटतो. 'आम्ही पोपट हौसेने आणला नाही. बाजारात त्याचे हाल पाहवेनात, म्हणून पैसे मोजून त्याला सोडवून आणला', असे सांगणारी सज्जन माणसे आपल्याला वारंवार भेटतात. आमचा वाद आहे तो या सज्जनांशी. कारण दुर्जनाला कायदा आवरू शकतो, पण दयेच्या नावाने चाललेल्या चुकीला आवरणारे कोणी नसते.

बाजारातला पोपट येतो कोठून, हे प्रथम पाहू. आपल्याकडचा कंठवाला पोपट साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात विणीस लागतो. सुतार किंवा तांबट पक्ष्याने पूर्वी कोरलेली, अथवा जुन्या झाडाला आपोआप पडलेली ढोली तो शोधतो आणि चोचीने रुंद करून घेतो. मादी सुमारे तीन आठवडे अंडी उबवते. पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांच्या अंगावर पीस नसते. उडण्याजोगी व्हायला त्यांना आणखी सहा-सात आठवडे लागतात. या मधल्या दिवसांतच माणसाचा हात ढोलीत शिरतो. हात पोचला नाही तर ढोलीचे तोंड फोडले जाते, कधी फांदीच उतरवली जाते. ढोली एकदा फुटली की पुढल्या वर्षी ती पोपटाच्या कामाची राहत नाही आणि पिंगळा, साळुंकी, दयाळ यांच्याही कामाची राहत नाही. पिल्ले टोपलीत वा खोक्यात कोंबून गावोगावच्या बाजारात पाठवली जातात. वाटेत उष्म्याने, भुकेने, एकमेकांखाली चिरडून त्यांतील कित्येक मरतात. जे जगते ते मुंबईच्या रस्त्यावर किंवा जिल्ह्याच्या आठवडी बाजारात आपल्यासमोर येते आणि आपल्याला त्याची दया येते.

त्या दयेपोटी आपण खिशात हात घालतो. येथे क्षणभर थांबून विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे. विक्रेत्याच्या वहीत दयेचा वेगळा रकाना नसतो. हौसेने दिलेले पैसे आणि कळवळ्याने दिलेले पैसे त्याच्या गल्ल्यात एकत्रच पडतात. रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात तो संध्याकाळपर्यंत दुसरे पिल्लू ठेवतो आणि त्या दुसऱ्यासाठी आणखी एक ढोली फुटते. एक पोपट सुटल्याचे समाधान आपल्याला लाभले. त्याची किंमत आपण न पाहिलेल्या पोपटाने मोजली. ही सोडवणूक नव्हे, ही खरेदी आहे. ज्याला खरोखर सोडवायचे असेल त्याने पाकीट खिशातच ठेवावे, जागा नीट लक्षात ठेवावी आणि वनखात्याला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. हे पाकीट उघडण्यापेक्षा कठीण आहे, यात शंका नाही. त्यात वेळ जातो, साक्ष द्यावी लागण्याची भीती वाटते आणि घरी परतताना हातात पोपट नसतो.

आता पोपट घरी आला असे समजू. घरातली माणसे प्रेमळ आहेत, पिंजरा चांगला आहे, पेरू-मिरची वेळेवर मिळते. मग त्याला उणे काय? उणे आहे ते त्याच्या जातीचे जगणे. पोपट थव्याने राहणारा पक्षी आहे. सकाळी थव्याने निघायचे, मैलोगणती उडून चरायचे, सांजेला शेकडोंच्या गलक्यात एका झाडावर उतरायचे, हा त्याचा दिवस. उडताना एकमेकांचा माग राहावा म्हणून ते सतत साद घालतात, आणि भोवतालचा आवाज ऐकून उचलण्याची देणगी त्यांना आहे ती याच संगतीसाठी. तो 'मिठू' म्हणतो तेव्हा आपण टाळ्या पिटतो. पण त्याच्या थव्यातले दुसरे कोणी उरले नाही, म्हणूनच तो आपली भाषा शिकला हे आपल्या ध्यानात येत नाही. ज्या घरात दिवसभर कोणी नसते तेथे एकटा पडलेला पोपट स्वतःची पिसे उपटू लागतो, एकाच लयीत मान हलवत राहतो, किंवा किंचाळत सुटतो. मग शेजारी तक्रार करतात आणि पिंजऱ्यावर चादर पडते. चहात बुडवलेला पाव, बिस्किटे आणि नुसते दाणे यांवर वाढलेल्या पोपटाला जीवनसत्त्वांची कमतरता जडते, त्याच्या यकृतावर चरबी चढते. हे प्रेम आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्याच्यावर प्रेम करायचे त्याची गरज जाणून न घेणाऱ्या प्रेमाला आपण माणसांच्या बाबतीत काय म्हणतो, ते वाचकांनी स्वतःस विचारावे.

यावर काही आक्षेप ठरलेले आहेत. इतके ठरलेले, की त्यांना पोपटपंची म्हणण्याचा मोह होतो. तरीही त्यांचे उत्तर देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. कुत्रा-मांजर पाळतोच ना, असे पहिला आक्षेप म्हणतो. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने घडला आहे. माणूस हाच त्याचा कळप. पोपटाच्या बाबतीत असे काही घडलेले नाही. या जानेवारीत ढोलीतून काढलेला पोपट हा वन्य पक्षीच आहे, फक्त त्याच्याभोवती गज आहेत. बाहेर त्याला ससाणा खाईल, असे दुसरा आक्षेप सांगतो. खाईलही. पण ससाण्याच्या भीतीने जन्मठेप देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. पोपट पेरू टोकरतात, भाताच्या लोंब्या आणि मक्याची कणसे उतरवतात. वसई-उत्तनच्या वाड्यांतून ज्यांचे घर चालते त्यांना हे नुकसान सोसवत नाही. त्यावर जाळी, फळांना पिशव्या, राखण हे उपाय आहेत आणि त्यांसाठी साहाय्य मागण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे. परंतु पिंजऱ्यात पोपट ठेवल्याने कोणाच्या वाडीतला एक पेरूही वाचलेला नाही.

कायद्याविषयी अनेक कुटुंबे आजही अंधारात आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय पोपटांना संरक्षण आहे. १९९०-९१ पासून त्यांचा व्यापार पूर्णपणे बंद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला. कंठवाला पोपट, मोठा पहाडी पोपट, लालसर डोक्याचा तुईया पोपट यांपैकी कोणताही पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहाडी पोपटाची गणना तर आता जगभर संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत होते. २०११ साली गुजरात उच्च न्यायालयाने आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पक्ष्यांना आकाशात मुक्त विहार करण्याचा हक्क आहे, असे म्हटले. 'सगळेच पाळतात' हे उत्तर न्यायालयात चालत नाही. सदसद्विवेकबुद्धीपुढेही ते चालू नये.

हे वाचून एखादा भावनाशील वाचक उठेल आणि पिंजऱ्याचे दार उघडून मोकळा होईल. त्याला आम्ही हात जोडून थांबवतो. वर्षानुवर्षे कोंडलेल्या पोपटाच्या पंखांत बळ राहिलेले नसते. बहुधा ते कातरलेले असतात. अन्न कसे शोधावे, कावळ्यांपासून कसे बचावावे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. माणसाला तो भीत नाही. असा पक्षी गॅलरीतून सोडणे म्हणजे त्याला मुक्त करणे नव्हे, आपण मुक्त होणे आहे. ज्यांच्या घरी भारतीय पोपट आहे त्यांनी तो वनखात्याच्या स्वाधीन करावा. पक्ष्यांची जाण असलेल्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा; परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जिवांची सेवा करीत आहे. जेथे हे काम नीट चालते तेथे पक्ष्याला आधी वेगळे ठेवून तपासतात, मग जातभाईंच्या सोबत मोठ्या जाळीघरात सोडतात. कातरलेली पिसे गळून नवी यायला कित्येक महिने जातात. पंखांत बळ आले, माणसाची ओढ सुटली, तरच त्याला थव्यासह मोकळे करतात. ज्याला उडणे कधीच जमणार नाही तो उरलेले आयुष्य त्या जाळीघरात, पण आपल्यांच्या गलक्यात काढतो.

परदेशी पक्ष्यांचा प्रश्न वेगळा आहे. आपण सर्रास ज्यांना 'लव्हबर्ड' म्हणतो ते बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. आफ्रिकेचा राखी पोपट, दक्षिण अमेरिकेचा मकाव, काकाकुवा हेही आता आपल्या शहरांतून दिसतात. त्यांना येथे रान नाही. सोडले तर ते मरतात. राखी पोपट आफ्रिकेच्या जंगलांतून इतका पकडला गेला, की २०१७ पासून रानातून धरलेल्या राखी पोपटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करावा लागला. अशा मोठ्या पोपटांची सरकारदरबारी नोंद करणे २०२४ च्या नियमांनी आवश्यक झाले आहे. बजरीगर आणि कॉकटील यांना ती लागत नाही. हे पक्षी विकत आणू नयेत, हे आमचे मत वर सांगितलेल्याच कारणांसाठी आहे. परंतु जे आधीच येथे आहेत त्यांचे काय? राखी पोपट माणसाच्या घरी चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. हौसेने आणणारा मुलगा कॅनडाला जातो, आई-वडील थकतात आणि पिंजरा या घरातून त्या घरात फिरू लागतो. अशा पक्ष्याला दुसरे घर देणे ही खरी सेवा आहे, आणि पक्षी ठेवण्याचे समर्थन आम्ही करतो ते या एकाच प्रसंगी.

मात्र त्यालाही मर्यादा हवी. पक्षी देणाऱ्याने पैसे घेऊ नयेत आणि दारात येईल त्याला तो देऊही नये. घेणाऱ्याला त्याने चार प्रश्न विचारावेत. दिवसातून किती तास घरी कोणी असते? पिंजऱ्याबाहेर पंख पसरायला सुरक्षित जागा आहे का? वैद्याचा खर्च झेपेल का? आणि तुमच्यानंतर याला कोण पाहील? घेणाऱ्याने दोन-चारदा येऊन पक्ष्याशी ओळख करावी. त्याचा जुना पिंजरा, त्याचे रोजचे खाणे त्याच्यासोबत न्यावे. घरी दुसरे पक्षी असतील तर नव्याला महिनाभर वेगळे ठेवावे. पोपटांचा एक ताप माणसालाही जडतो आणि छातीत उतरतो. तो औषधाने बरा होतो, पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना सांगावे लागते. आणि दत्तक आणलेल्या पक्ष्याची पिल्ले काढून विकणारा मनुष्य दयाळू नव्हे, तो दुकानदार आहे.

आपल्या शुभवर्तमानात पक्ष्यांच्या बाजारभावाचा उल्लेख आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. मत्तयाने दिलेला भाव एका नाण्याला दोन चिमण्यांचा आहे. लूकने दिलेला दोन नाण्यांना पाच चिमण्यांचा. हिशेब केला तर पाचवी चिमणी फुकट घातलेली, बाजाराच्या लेखी जिला काहीच किंमत नाही अशी. तिचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू येशूने सांगितले. टोपलीत गुदमरून मेलेले पिल्लू ही आपल्या काळची पाचवी चिमणी आहे. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रत्येक प्राणिमात्राला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, असे प्रतिपादले. संत फ्रान्सिसच्या सणाला पक्ष्यांना उपदेश करणाऱ्या संताचे चित्र आपण मुलांना दाखवतो; त्या चित्रात पिंजरा नाही, हेही त्यांना दाखवावे.

आमचे मागणे मोठे नाही. प्रथम कम्युनियन, वाढदिवस किंवा नाताळ यांची भेट म्हणून कोणी पक्षी देऊ नये आणि दिला तर घेऊ नये. धर्मग्रामाच्या फनफेअरमध्ये जिवंत पक्षी बक्षीस म्हणून ठेवू नये. ज्या घरी रिकामा पिंजरा माळ्यावर पडला आहे त्यांनी तो विकू नये, मोडून टाकावा. आणि ज्यांच्या वाडीत वठलेला माड किंवा जुना आंबा ढोलीसह उभा आहे त्यांनी, पडण्याचा धोका नसेल तर, तो सरपणासाठी उतरवण्याची घाई करू नये. पोपटाला घर द्यायचेच असेल तर ते तेथे द्यावे. त्याचे भाडे म्हणून चार पेरू जातील. ते जाऊ द्यावेत.