पडणारा स्विच वैरी नव्हे

भाईंदरकडील राई, मुर्धे, उत्तन या गांवांची हवा खारी व दमट. पावसाळ्यांत तारांच्या सांध्यांत ओल शिरते, वीज जमिनीकडे झिरपते आणि गळतीरोधक स्विच वारंवार पडतो. त्रासून कित्येक बंधू तो काढूनच टाकवितात. आमच्या मतें हें राखणदारास हाकलून देणें होय. गळती ३० मिलिअँपिअरवर जातांच वीज तोडून तो जीव वाचवितो. तो पडल्यास सर्व प्लग काढावे व एकेक शाखा चालू करून पाहावी. जिच्यामुळें पडेल, तींत दोष समजावा. विहिरीवरील पंपाची शाखा प्रथम तपासावी. सर्व शाखा बंद असूनही पडल्यास न्यूट्रल तार जमिनीस लागली असण्याचा संभव असतो. दुरुस्ती मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करवावी. दोष काढावा, राखणदार नव्हे.