कुरआन-पठण आणि घरातील आदर्श

मुलाचे कुरआनचे पहिले वाचन पूर्ण झाले की घरी मिठाई वाटली जाते, नातलग कौतुक करतात. आणि त्यानंतर तो ग्रंथ जुजदानाच्या रेशमी कापडात बांधून उंच फळीवर ठेवला जातो. महाराष्ट्रातील अनेक मुस्लिम कुटुंबांत हेच घडते. रमजानमध्ये गाठ सुटते, ईदनंतर ती पुन्हा बसते. दोष मात्र मुलांच्या माथी मारला जातो. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांतून त्यांना सवडच नाही, असे म्हटले जाते. तथापि जे वाचन घरात कोणीच करीत नाही, ते मुलाने एकट्याने करावे ही अपेक्षा न्याय्य आहे काय?

मूल ‘कायदा’ संपवून सिपाऱ्यांपर्यंत पोहोचते ते मकतबातील शिक्षकांच्या श्रमांमुळे. शुद्ध उच्चार त्यांनीच शिकवावेत. परंतु सवय लागते ती घरात. फजरच्या नमाजानंतर आई अथवा वडील दहा मिनिटे वाचावयास बसत असतील, तर मुलाला निराळ्या उपदेशाची गरज उरत नाही. उलट, धाकाने करविलेले वाचन धाक सरताच थांबते.

वाचनाचे प्रमाण अल्प असले तरी चालेल. खंड मात्र नसावा. अल्प परंतु नियमित कर्म श्रेष्ठ, ही पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये नमूद आहेच. मदिनेच्या प्रचलित मुद्रणाची पृष्ठे ६०४ आहेत. रोज एक पृष्ठ वाचले तरी सुमारे २० महिन्यांत तिसही पारे पूर्ण होतात.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला अरबी अक्षरे वाचता येतात, अर्थ मात्र उमगत नाही. मूळ पठणाचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. परंतु अनाथांचे हक्क, माप-तोलातील सचोटी, आईवडिलांशी सद्वर्तन यांविषयी हा ग्रंथ काय सांगतो, हे वाचणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर ते त्याच्या आचरणात कोठून उतरणार? मराठीत भाषांतरे उपलब्ध आहेत. पृष्ठाबरोबर दोन आयतींचा अर्थ वाचणे कोणत्याही घराला अशक्य नाही.

आपणांसच नीट वाचता येत नाही, ही अनेक पालकांची खरी अडचण असते. अशांनी मुलाशेजारी बसून त्याच्याबरोबर शिकावे. त्यात कमीपणा कसला? आईवडील अजून शिकत आहेत, हे पाहणारे मूल तो ग्रंथ सहसा फळीवर पडू देणार नाही.