पुडिंग साहेबाचे, नाताळ शेजाऱ्यांचा

१/ डिसेंबर उजाडला की गिरगाव-दादरच्या बेकऱ्यांत प्लम केक मांडले जातात आणि समाजमाध्यमांवर दोन ठरावीक सूर लागतात. एक म्हणतो, हे सारे साहेबाचे खूळ. दुसरा तेच 'साहेबी' म्हणून मिरवतो. माझ्या मते दोघांनीही इतिहास अर्धाच वाचला आहे. वाफेवर शिजणाऱ्या प्लम पुडिंगच्या निमित्ताने उरलेला अर्धा वाचू या.

२/ आधी नावाचा उलगडा. प्लम पुडिंगात प्लम नसतो; जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाही 'प्लम' म्हणत. कापडात बांधून उकळलेला हा गोळा इंग्लंडात जुनाच. पण 'ख्रिसमस पुडिंग' या नावाची कृती एलायझा अ‍ॅक्टन यांच्या १८४५ च्या पाकपुस्तकात येते. डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ चे. म्हणजे ही 'सनातन' परंपरा आजच्या रूपात व्हिक्टोरिया राणीच्या काळातली.

३/ आता १९२७. साम्राज्यातील मालाचा खप वाढावा म्हणून स्थापन झालेल्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजे पाचवे जॉर्ज यांच्या आचाऱ्याची पुडिंगची कृती प्रसिद्ध केली. प्रत्येक जिन्नसापुढे साम्राज्यातील एका प्रदेशाचे नाव होते: मनुका ऑस्ट्रेलियाच्या, चरबी न्यूझीलंडची, लवंग झांझिबारची, रम जमैकाची. भारताच्या वाट्याला आला मसाला.

४/ तेव्हा 'पुडिंग साहेबाचे' हा आक्षेप खोटा नाही. इतक्या उघडपणे साम्राज्याची जाहिरात करणारे पक्वान्न क्वचितच सापडेल. पण येथून पुढे जाऊन 'म्हणून नाताळही साहेबाचा' असे म्हणणे ही मात्र घसरगुंडी आहे.

५/ कारण तारखा पाहा. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ मध्ये स्थापन झाले. मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आली ती १६६५ मध्ये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ चे. ते जन्माने इंग्रज खरे, पण ओवी रचली ती मराठीतच. मुंबईवर इंग्रजांचा झेंडा लागण्यापूर्वीच येथल्या गावांत ख्रिस्तजन्म साजरा होत होता.

६/ गिरगावातली खोताची वाडी याच इतिहासाचा जिवंत कोपरा आहे. जमीन पाठारे प्रभू खोताची. तिच्यावर लाकडी जिन्यांची, ओसरीची घरे उभारली ती ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी. चालत काही मिनिटांवर केशवजी नाईकांची चाळ, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. दोन्ही सण एकाच वस्तीचे.

७/ 'ईस्ट इंडियन' हे नाव मात्र साहेबाच्या कंपनीची आठवण देणारे. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, मुळचे इथलेच, हे सरकारच्या लक्षात यावे म्हणून १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, समाजाने ते स्वीकारले. नोकरीसाठी नाव इंग्रजी. घरात बोली मराठीची. यात विसंगती वाटते? वसाहतीच्या काळात जगणे असेच असते.

८/ त्यांच्या नाताळच्या ताटात पाहा. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. कलकल आहेत, रवा-नारळाचा गोड पदार्थ आहे. पुडिंग आणि केक या पंगतीत मागाहून येऊन बसले. ताट एकच, पण त्यात पोर्तुगीज काळ, इंग्रज काळ आणि कोकणचा नारळ शेजारी शेजारी वाढलेले आहेत.

९/ म्हणून माझा आग्रह: एकदा पुडिंग घरी करून पाहा. मनुका, बेदाणे, पावाचा चुरा, मैदा, गूळसर तपकिरी साखर, अंडी, जायफळ, लवंग, दालचिनी. चरबीऐवजी लोणी, ब्रँडी नको असल्यास संत्र्याचा रस. मिश्रण रात्रभर मुरू द्या. डब्याला लोण्याचा हात लावून वर थोडी जागा राहील इतकेच भरा. तोंडावर लोणी लावलेला कागद आणि कापड सुतळीने घट्ट बांधा.

१०/ आणि वाफवायचे कशात? घरातल्या मोदकपात्रात, नाहीतर शिटी काढलेल्या कुकरमध्ये. मोदकाला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, पुडिंगला मंद आचेवर सहा तास. पाणी आटू देऊ नका, भर घालायची तीही उकळत्या पाण्याची. साम्राज्याची ती लांबलचक यादी शेवटी आजीच्या भांड्यात शिजते, हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे.

११/ पुडिंगच्या इतिहासातले साम्राज्य जरूर ओळखावे, त्यावर टीकाही करावी. पण पदार्थाचा पत्ता लंडनचा निघाला म्हणून तो वाढणाऱ्या हातांना परके ठरवू नये. चारशे वर्षे मराठी बोलत आलेल्या शेजाऱ्याला त्याच्याच गल्लीत पाहुणा ठरवणे हे इतिहासप्रेम नव्हे. तो इतिहासाचा विसर आहे.