पदवीचे मोल आणि कर्जाचा हप्ता

प्रवेशाचा हंगाम आला की मध्यमवर्गीय घरांत एक हिशेब मांडला जातो. अर्थशास्त्राच्या पदवीस खर्च किती, त्यासाठी कर्ज काढावे काय, आणि पुढच्या पगारातून ते फिटेल काय? प्रश्न रास्त आहे. तो सोडविण्याची रीत मात्र अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातही टिकणारी नाही. माहितीपत्रकातील सरासरी वेतन एका पारड्यात व कर्जाची रक्कम दुसऱ्या पारड्यात टाकली, की निर्णय झाला असे समजण्यात येते.

सरासरी हा आकडा मोठा फसवा असतो. दहा पदवीधरांपैकी एकास दरमहा तीन लाख रुपये व उरलेल्या नऊ जणांस तीस हजार मिळाले, तर सरासरी सत्तावन्न हजारांची निघते. प्रत्यक्षात सत्तावन्न हजार त्यांतील एकाच्याही हाती पडत नाहीत. इंग्लंडमधील इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. कर व कर्जफेड वजा जाता पदवीमुळे आयुष्यभरात होणारा निव्वळ लाभ पुरुषांच्या बाबतीत सरासरी सुमारे १ लाख ३० हजार पौंड व स्त्रियांच्या बाबतीत सुमारे १ लाख पौंड असल्याचे त्यात आढळले. सर्वाधिक लाभ देणाऱ्या विषयांत अर्थशास्त्राची गणना झाली. परंतु दर पाच पदवीधरांपैकी सुमारे एक जण पदवीच्या वाटेस गेला नसता तर आर्थिकदृष्ट्या अधिक बरा राहिला असता, हेही त्याच अभ्यासाने सांगितले.

आपल्याकडे ही विषमता आणखी तीव्र आहे. तोच विषय अनुदानित महाविद्यालयात काही हजारांत शिकता येतो आणि खासगी विद्यापीठात त्यासाठी अनेक लाख मोजावे लागतात. भारतीय आर्थिक सेवा किंवा रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागातील जागा मोजक्याच असतात. नेट-सेट उत्तीर्ण होऊनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकविणारे अर्थशास्त्राचे पदव्युत्तर तरुण गावोगावी दिसतात. आता एक उदाहरण घेऊ. एम.ए.च्या दोन वर्षांसाठी, प्रत्येक वर्षाच्या आरंभी पाच लाख याप्रमाणे, दहा लाखांचे कर्ज दसादशे १० दराने काढले. शिक्षणाचा काळ व नंतरचे एक वर्ष सवलतीचे धरले, तरी सरळ व्याज चढून परतफेडीच्या आरंभी देणे साडेबारा लाखांवर जाते. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे १६,५०० रुपये येतो. ऐंशी हजार कमावणाऱ्यास तो पगाराचा पाचवा हिस्सा; तीस हजार कमावणाऱ्यास निम्म्याहून अधिक. कर्ज तेच, पदवीही तीच. एकाची ती गुंतवणूक ठरते, दुसऱ्याच्या गळ्यातील धोंड.

येथेच मर्म आहे. कर्ज किती, यापेक्षा ते कोणत्या अटींवर फेडायचे हे अधिक महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांसाठी वार्षिक २५,००० पौंडांची उत्पन्नमर्यादा ठरविण्यात आली. तिच्या खाली परतफेड नाही. वर जेवढे उत्पन्न असेल त्याच्या ९ टक्के. आणि ४० वर्षांनंतर उरलेले देणे माफ. ३५,००० पौंड मिळविणाऱ्याने वर्षाला ९०० पौंड भरावयाचे आणि नोकरी गेली तर काहीच नाही. ऑस्ट्रेलियाने हे तत्त्व १९८९ सालीच अंगीकारले होते.

त्यामागील विचार त्याहून जुना आहे. शेत किंवा यंत्र गहाण ठेवता येते, माणसाची बुद्धी गहाण ठेवता येत नाही, ही शिक्षणाच्या वित्तपुरवठ्यातील अडचण मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये दाखवून दिली आणि भावी उत्पन्नातील वाट्याच्या रूपाने परतफेड सुचविली. आपल्या बँकांनी या अडचणीवर वेगळाच तोडगा काढला आहे: विद्यार्थ्याची बुद्धी गहाण ठेवता येत नसेल, तर बापाचे घर ठेवावे! पालक सहकर्जदार होतो, मोठ्या रकमेस तारण लागते आणि मुलाच्या नोकरीचा धोका निवृत्तीच्या उंबरठ्यावरील कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या शिरावर येऊन पडतो.

शासनाने काहीच केले नाही असे नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्जाची तरतूद आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतही आहे. परंतु ही सवलत हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळापुरती. म्हणजे खरी ओढाताण सुरू होते त्याच क्षणी ती संपते. साडेचार लाखांपर्यंतच्या कुटुंबांना मिळणारी पूर्ण व्याजसवलतही तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतीच असल्याने अर्थशास्त्राचा साधा पदवीधर तीतून वगळला जातो.

उत्पन्नाशी निगडित परतफेड भारतात चालणार नाही, कारण येथे बहुसंख्यांच्या उत्पन्नाची नोंदच नसते, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु पगारदार पदवीधराच्या वेतनातून प्राप्तिकर कापून घेणारी यंत्रणा आज उभी आहे. निदान त्या वर्गापासून आरंभ करण्यास प्रत्यवाय कोणता? काही कर्जे बुडीत निघतील व तो भार सरकारी तिजोरीवर पडेल, हे खरे. पण आज तो भार नाहीसा झालेला नाही. तो केवळ घराघरांत वाटला गेला आहे.

हे होईल तेव्हा होवो. तोवर विद्यार्थ्याने व पालकांनी सरासरी पगार विचारू नये. वर्गातील खालच्या चौथ्या हिश्शाला काय मिळते ते विचारावे आणि येणारा हप्ता त्या पगारातून निघतो काय ते पाहावे. निघत नसेल, तर तोच विषय अनुदानित महाविद्यालयात शिकण्यात कमीपणा नाही. मागणी-पुरवठ्याचा नियम तेथेही तोच शिकवितात, आणि तो शिकण्यासाठी राहते घर पणास लावावे लागत नाही.