पाण्यावरचा ताळेबंद

दुकानातून आणलेली खेळण्यातील नौका त्याच दिवशी पाण्यावर धावू लागते. स्वतः रेखाटलेली, स्वतः घडवलेली आणि रेडिओ-संदेशावर चालणारी नौका पाण्यात उतरण्यास मात्र कित्येक महिने लागतात. तरीही हा छंद जगभर जोपासला जातो; लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधील अशा छंदिष्टांचे मंडळ १९०४ पासून चालत आले आहे. रेडिओ-संदेशावर नौका चालविण्याची कल्पना त्याहूनही जुनी. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे अशी नौका प्रेक्षकांसमोर चालवून दाखविली आणि त्याच वर्षी तिचे पेटंटही मिळविले.

या छंदात करवत हाती घेण्यापूर्वी वही उघडावी लागते. समजा, २५ मीटर लांबीच्या व १२५ टन वजनाच्या बोटीची प्रतिकृती १:२५ या प्रमाणात करावयाची आहे. लांबी झाली एक मीटर. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही अंगांनी घटते. म्हणून १२५ टनांना २५ च्या घनाने, म्हणजे १५,६२५ ने, भागावे लागते. उत्तर येते अवघे ८ किलो. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, या आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार नौकेचे सारे भांडवल तेवढेच. वजन त्याहून वाढले, तर नौका ठरलेल्या जलरेषेखाली बुडते.

आता खर्चाची मांडणी. प्लायवुडच्या चौकटी, त्यांवरील बाल्सा लाकडाच्या पट्ट्या आणि फायबरग्लासचे अस्तर मिळून ३ किलो; बॅटरी दीड; मोटर, दांडा, पंखा व सुकाणूची यंत्रणा १; वरची केबिन १. उरलेले दीड किलो तळाशी ठेवावयाच्या शिशासाठी. हे शिसे दिसत नाही, पण गुरुत्वमध्य खाली राखून नौकेला उभे ठेवते ते तेच. नवशिक्याचा हात नेमका येथे सुटतो. पितळी कठडे, दिवे, नक्षीदार डोलकाठी यांनी वरचे वजन वाढते आणि त्याची भरपाई शिशात कपात करून होते. अशी नौका टेबलावर देखणी दिसते, पहिल्याच वळणावर मात्र कलंडते.

वेगाचा हिशेबही निराळा आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १९ व्या शतकात प्रतिकृतींवर प्रयोग करून दाखविले की, वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटवावा लागतो. मूळ बोट ताशी १० सागरी मैल जात असेल, तर प्रतिकृतीने ताशी २, म्हणजे सेकंदाला सुमारे एक मीटर, जावे. तेव्हाच तिच्यामागील लाटा मूळ बोटीसारख्या उमटतात. पाणी स्वतः मात्र लहान होत नाही; म्हणून सुकाणू बहुधा प्रमाणापेक्षा थोडे मोठे करतात.

तळ्याकडे जाण्यापूर्वी घरच्या टाकीत जलरेषा आणि गळती तपासावी. संदेश तुटल्यास मोटर आपोआप थांबेल, अशी व्यवस्था रिसीव्हरमध्ये आधीच करून ठेवावी. नौका तळ्याच्या मध्यभागी गेल्यावर तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही. तेथे उपयोगी पडतो तो किनाऱ्यावर आधीच केलेला हिशेब.