एकच पुडी, सतरा रोग

मागच्या महिन्यात पावस बाजूच्या एक आजी दवाखान्यात आल्या. चेहरा गोल गरगरीत, हातपाय मात्र काडीसारखे. रक्तातील साखर तपासली तर ३०० च्या वर. मधुमेह कधीपासून आहे, असे विचारले तर म्हणाल्या, "मला कसला मधुमेह, डॉक्टर? माझे फक्त गुडघे दुखत होते. ते पावडरीनं थांबले." मुलगा मुंबईला असतो. दर गणपतीला तो वर्षभराच्या पुड्या घेऊन येतो. पुडीवर कारखान्याचे नाव नाही, घटक नाहीत. सोबत एक छापील कागद: संधिवात, दमा, अ‍ॅलर्जी, मूळव्याध, अशक्तपणा, सर्वांवर रामबाण.

तो कागद वाचताना मला आजोळच्या माळ्यावरची जुनी मासिके आठवली. त्यांची मागची पाने अशाच मजकुराने भरलेली असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा तो काळ. ताप, खोकला, क्षय, धातुविकार आणि स्त्रियांची दुखणी एकाच बाटलीने बरी होत. खाली बरे झालेल्या गृहस्थांची पत्रे आणि व्ही. पी. ने मागवण्याचा पत्ता. आपल्या जिल्ह्यात डॉक्टर मोजके आणि पावसाळ्यात आगबोट बंद. पोस्टमन मात्र दारात येई. अशा वेळी लोकांनी बाटली मागवली तर त्यांना भोळे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या औषधांना 'पेटंट औषधे' म्हणत, पण त्यांतील बहुतेकांना पेटंट नव्हतेच. पेटंट घ्यायचे तर औषधात काय आहे ते सरकारला उघड सांगावे लागते आणि मुदत संपली की कोणीही ते बनवू शकतो. म्हणून मालक फक्त नावाची आणि चित्राची नोंदणी करत. आतला मसाला गुप्त राही.

तो मसाला काय होता? ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा औषधांचे पृथक्करण करून १९०९ साली एक पुस्तकच छापले. जगभर खपणाऱ्या 'बीचम्स पिल्स'मध्ये कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. ५६ गोळ्यांच्या डबीची किंमत घटकांच्या खर्चाच्या सुमारे शंभरपट होती. म्हणजे साधा रेचच, फक्त डबीत भरून विकलेला. यात नुकसान पैशाचेच होते.

'क्लोरोडाइन'ची गोष्ट वेगळी. हे औषध ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातील फौजेतील डॉ. कॉलिस ब्राउन यांनी काढले, तेही पटकीसाठी. त्यात अफू, भांगेच्या जातीचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे. अफूने आतडी मंदावतात, जुलाब थांबल्यासारखे वाटतात, रोगी शांत झोपतो. पण पटकीत माणूस मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि ते बाटलीतून भरून येत नसत. रोगी शांत झाला म्हणून घरचे निर्धास्त होत. तान्ह्या बाळांना झोपवणाऱ्या मिसेस विन्स्लो यांच्या सिरपमध्ये तर मॉर्फिन होते.

सगळेच खोटे होते असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या हिवतापाच्या मिश्रणात क्विनीन असे त्याने ताप खरोखर उतरे. १८९३ साली मुंबईत सुरू झालेले अमृतांजन डोके दुखताना आजही आपण चोळतो. त्याचे मालक नागेश्वरराव यांनी १९०८ मध्ये मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे साप्ताहिकही काढले. औषध आणि वर्तमानपत्र यांचे नाते असे जुने आहे. (संपादकांनी हे वाक्य ठेवले तर त्यांचे आभार.) गुटगुटीत बाळाच्या चित्राचे डोंगरे बालामृत कोणत्या मराठी घरात नव्हते? माझा आक्षेप औषधाच्या पद्धतीवर नाही. औषध आयुर्वेदिक असो वा इंग्रजी, आत काय आहे ते सांगायचे नाही आणि रोगांची यादी मात्र लांबलचक द्यायची, यावर आहे.

सरकारही या प्रश्नाकडे उशिरा वळले. १९३० साली कर्नल चोप्रा यांची समिती नेमली गेली, १९४० मध्ये औषधांचा कायदा झाला आणि १९५४ मध्ये जादूटोण्याच्या व आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध वेगळा कायदा आला. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा रोगांवर इलाजाची जाहिरात करण्यास त्यात बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी जाहिराती चालूच राहिल्या. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात पतंजलीच्या जाहिरातींचे प्रकरण गाजले, कंपनीला वर्तमानपत्रांतून माफी छापावी लागली. पण आजींच्या पुडीवर नावच नाही. नोटीस पाठवायची कोणाला?

अंग दुखायचे थांबते, भूक वाढते, चेहरा भरतो, ही लक्षणे एकत्र दिसली की डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो तो स्टिरॉइड. ते वाईट औषध नाही. मी स्वतः ते देतो, पण मोजून. महिनोन्महिने बेहिशेबी घेतले की साखर चढते, हाडे ठिसूळ होतात आणि शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी करते. म्हणून वाचकहो, तुमच्या घरी अशी पुडी बऱ्याच दिवसांपासून चालू असेल तर हे वाचून ती आज एकदम बंद करू नका. रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. पुडी आणि कागद घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

आजींना हे सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून विचारले, "मग तीन वर्षं मला बरं वाटलं, ते खोटं होतं का?" खोटे नव्हते. मी तसे सांगितलेही.

सध्या हिशेबाने मात्रा उतरवत आणली आहे. साखर खाली येत आहे. गुडघे पुन्हा दुखू लागले आहेत आणि त्याबद्दल आजी माझ्यावर नाराज आहेत.