सेल्फ 'टक्' करतो, गाडी उठत नाही



बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत काय किंवा नव्या वस्तीत काय, एका जुन्या मालवाहू गाडीवर चूल पेटणारी घरे बरीच आहेत. कोणाची टाटा 207, कोणाची 407, कोणाची महिंद्राची पिकअप, तर कोणाचा छोटा हत्ती. कोणी पहाटे भाजीपाला घेऊन अमरावतीच्या बाजारात जातो, कोणी हंगामात मोर्शी-वरूडकडची संत्री वाहतो. गाडी दुसऱ्याच्या हातची आणि वरून कर्जाचा हप्ता. अशा घरात पहाटे चार वाजता किल्ली फिरवली आणि गाडीने नुसते 'टक्' केले, तर त्या दिवसाचे भाडे बुडते. असे दोनदा झाले की व्यापारी दुसरी गाडी सांगतो. म्हणजे बांधलेले गिऱ्हाईकच जाते.

मी कारकून माणूस. कोणतीही गोष्ट वहीत मांडल्याशिवाय मला समजत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा असाच खर्च आम्ही वहीत मांडला. आधी नवी बॅटरी घेतली, मग सेल्फ खोलून कार्बन बदलले, मग किल्लीचा स्विच बदलला. तरी गाडी एक दिवस उठे, दोन दिवस रुसे. शेवटी दोष निघाला तो इंजिनपासून चेसिसला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीत. पट्टी गंजली होती, नट ढिला होता. काच कागदाने घासून ती पक्की आवळली आणि गाडी उठली. पैसे आधी गेले, तपासणी नंतर झाली. हा क्रम उलटा केला पाहिजे, एवढेच आज सांगायचे आहे.

गंजलेल्या पट्टीने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. साधा गुणाकार करा. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ 200 अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. जोडात एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला, तरी 200 गुणिले 0.01 म्हणजे 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून दोन गेले तर सेल्फला काय उरणार? हॉर्न वाजतो, दिवा लागतो, कारण त्यांना थोडाच करंट लागतो. म्हणून 'दिवे लागतात म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक', हे म्हणणे खरे नाही.

पहिली तपासणी : हेडलाइट

हिला एक पैसाही लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा. घरातील कोणाला तरी बाजूला उभे करून दिव्याकडे पाहायला सांगा. गाडीच्या पुढे कोणी उभे राहू नये. आता सेल्फ मारा.

दिवे पार विझले, तर बॅटरीचे टर्मिनल ढिले किंवा बॅटरी पूर्ण उतरलेली. दिवे मंद झाले आणि 'टक्-टक्-टक्' असा आवाज आला, तर बॅटरी कमजोर किंवा जोड खराब. दिवे एकदम मंद झाले आणि एकच जड 'टक्' झाले, तर सेल्फ अडकलेला असू शकतो. दिवे तसेच लख्ख राहिले आणि एकदाच 'टक्' झाले, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन पाहावे. दिवे लख्ख आणि आवाज अजिबात नाही, तर किल्लीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा सोलेनॉइडला येणारी बारीक वायर पाहावी.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, असे असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. डिझेल येते का, लाइनमध्ये हवा शिरली का, इंजिन बंद करणारा स्टॉप सोलेनॉइड उघडतो का, आणि थंडीत हीटर प्लग तापतात का, हे पाहावे. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, नाही तर सेल्फ जळतो.

दुसरी तपासणी : बॅटरी आणि जोड

एक साधा डिजिटल मीटर घरात असावा. त्याची किंमत एका वाया गेलेल्या भाड्याहून कमीच. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर 12.6 व्होल्ट दाखवले तर ती भरलेली आहे. 12.4 म्हणजे साधारण पाऊण. 12 च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाऊ लागला, तर बॅटरी नीट चार्ज करून पुन्हा पाहावी. तरीही तसेच झाले, तरच ती बदलायचा विचार करावा.

आता तो अर्थचा जोड पाहा. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर धरा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर त्या वाटेत कुठे तरी जोड खराब आहे. तीच परीक्षा पॉझिटिव्ह खुंट आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यात करावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग घासून, घट्ट आवळून, वरून व्हॅसलीन लावा.

आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. थंडीत बॅटरी रुसते हे सर्वांना दिसते, पण तिचे आयुष्य खाते ते ऊनच. आतले पाणी उडते, प्लेटी उघड्या पडतात. ज्या बॅटरीला झाकणे आहेत तिचे पाणी मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पाहावे. कमी असल्यास फक्त डिस्टिल वॉटर घालावे, नळाचे किंवा बोअरचे नव्हे. वरून ॲसिड तर मुळीच घालू नये.

तिसरी तपासणी : भरते किती, गळते किती

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. 13 च्या खाली असेल तर आधी अल्टरनेटरचा पट्टा ढिला आहे का ते पाहा. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला, तो बॅटरी उकळून मारील.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर कुठे तरी करंट गळतो आहे. पाच वॅटचा एक दिवा चालू राहिला तर दिवसाला 10 अँपिअर-तास जातात. चार दिवसांत 80 अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी होते. किल्ली काढून निगेटिव्ह केबल सोडा आणि केबल व खुंट यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावा. दिवा पेटला तर एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजने दिवा विझेल, गळती त्याच लाइनवर. बहुधा ती मागून बसवलेल्या टेप, हॉर्न किंवा झगमगत्या दिव्यांची असते. टेस्ट लॅम्प जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये.

जीव सांभाळा

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिच्याजवळ बिडी, काडेपेटी नको. केबल काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. ॲसिड डोळ्यांत गेले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना आधी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा. शेवटची निगेटिव्ह केबल आपल्या बॅटरीवर न लावता बॅटरीपासून दूर, इंजिनच्या धातूवर लावा. फ्यूज उडाला तर त्याजागी तांब्याची तार पिळू नका. फ्यूज उडतो म्हणून वायरिंग वाचते. तार टिकते आणि गाडी पेटते.

हे सारे जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहे. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत सगळा कारभार कॉम्प्युटरवर चालतो. तिथे वायर टोचून पाहू नये, जाणत्याकडे न्यावी.

मिस्त्रीचे पोट मारा, असे मी म्हणत नाही. सेल्फ खोलणे, अल्टरनेटर दुरुस्त करणे हे त्याचेच काम आहे आणि त्याचे दाम त्याला दिलेच पाहिजे. पण त्याच्याकडे जाताना 'गाडी उठत नाही' एवढेच सांगण्याऐवजी 'बॅटरी 12.6 आहे, अर्थ ठीक आहे, दिवे लख्ख राहून एकदाच टक् होते' असे सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि नको तो भाग तुमच्या गळ्यात पडणार नाही.

गाडीत एक शंभर पानी वही ठेवा. बॅटरी कधी घेतली, पाणी कधी घातले, मीटरने काय दाखवले, काय बदलले, किती रुपये गेले, हे तारखेसह लिहा. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीला-मुलाला द्या. मीटर लावायलाही शिकवा. बॅटरीची हमीची पावती त्याच वहीत चिकटवून ठेवा. मुदतीत बॅटरी बिघडली तर दुकानदारासमोर तीच कामाला येते.